रमणीकभाईंची ‘मजा नथी’

रमणीकभाईंनी मला सांगितलं होतं. आणि मी हसले.

आज वर्ष झालं त्यांना जाऊन. अजून कोणाला हे बोलले नाहीये.

भाईंदर ईस्टला आमचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. रमणीकभाई डिस्पॅचचे इनचार्ज, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. ते पक्के गुजराती, मी रत्नागिरीची. दोघांचं हिंदी सारखंच दिव्य.

मी नवी असतानाची गोष्ट. माल निघायची घाई, आणि हे टेबलावर डोकं टेकून म्हणाले, “सुजाताबेन, आज मजा नथी.”

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर सुनावलं, “मजा करने को आये है क्या इधर?”

ते उठले. दिवसभर खोके मोजत राहिले.

संध्याकाळी आमचा टेम्पोवाला फ्रान्सिस, इथल्याच तारोडी गावचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, “अगो बाय, त्याला ताप हाय. मजा नथी म्हंजे बरा न्हाय.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायला गेले तर हा माणूस उलट मलाच हसवतोय. “तुमारा ‘बरं’ भी डेंजर छे, बेन. बरं बोले तो ओके. बरं नाही बोले तो बीमार!”

पुढच्याच महिन्यात मी आणखी एक पराक्रम केला. पॅकिंगच्या बायकांना म्हटलं, “वो डब्बे खाली करो.” मला म्हणायचं होतं, मांडणीवरून खाली घ्या. त्यांनी भरलेले सगळे खोके रिकामे केले.

रमणीकभाई ओरडले नाहीत. एक पुठ्ठा फाडला, मार्करने लिहिलं, “खाली : सुजाताबेन का = नीचे. बाकी सबका = रिकामा.” आणि भिंतीवर लावला.

मग तो पुठ्ठा वाढतच गेला. तमिळ आले, ओडिया आले, प्रत्येकाचा एकेक घोळ त्यावर चढला. नवीन माणसाने आधी चहा प्यायचा, मग पुठ्ठा वाचायचा, मग कामाला हात लावायचा. खरंच, आमच्याकडे भांडणं कमी झाली त्याने.

‘मजा नथी’ मात्र त्यावर कधी लिहिलं नाही. ते आमचं दोघांचं होतं.

मीटिंग लांबली, की मजा नथी. पार्टीने ऑर्डर बदलली, की मजा नथी. नुसतं एकमेकांकडे बघायचं आणि हसायचं. आठ वर्षं.

त्या दिवशी दुपारी ते खोक्यांवर बसले आणि म्हणाले, “सुजाताबेन, आज मजा नथी.”

मी स्क्रीनवरून मानसुद्धा वर केली नाही. “मला पण नाही!” म्हटलं आणि हसले.

तेही हसले असावेत. मी बघितलंच नाही.

ते उठले, गाडी भरून घेतली, घरी निघाले. बिल्डिंगच्या जिन्यातच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, भाभींनी, माझा हात धरून विचारलं, “घर में तो कुछ नहीं बोला था, बेन. आपको कुछ बोला था?”

मी म्हटलं, “नहीं, भाभी.”

आता त्या टेबलावर नवीन मुलगा आहे. चांगला आहे. आज मी डबा उघडलाच नाही, तर त्याने विचारलं, “क्या हुआ मॅडम?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मजा नथी.”

तो म्हणाला, “तो संडे को पिक्चर देखके आओ ना!”

त्याची काय चूक? त्याला सांगणार कोण? अख्ख्या कारखान्यात तो शब्द कळणारी मी एकटी उरलेय. फ्रान्सिसनेही टेम्पो विकला.

मग उठले आणि पुठ्ठ्यावर सगळ्यात खाली लिहिलं, “मजा नथी = तबियत ठीक नहीं. हसू नका. विचारा.”

जागा अगदी थोडीच राहिली होती.

भाभींना मराठी वाचता येत नाही. म्हणून तर हे इथे मराठीत लिहायचं धाडस झालं. हा भित्रेपणा आहे, कळतंय मला.

रविवारी त्यांच्याकडे जातेय. एक वाक्य पाठ केलंय, त्यांच्याच भाषेत. चुकायला नको म्हणून.

“भाभी, एमणे मने कह्युं हतुं.” त्यांनी मला सांगितलं होतं.

रमणीकभाई, आज मजा नथी. खरोखरची.

निघताना तुम्ही म्हणायचात तसं, आवजो.