फिरत्याने लावायचा, बसलेल्याने थांबायचं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी फोनचीच वाट बघत होतो. दत्ताच्याच फोनची. रविवारची दुपार, साडेचार वाजून गेलेले. रत्नागिरीजवळ भाट्याला आमच्या घराच्या पडवीत खुर्ची टाकून बसलो होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. अर्धवट बोलून माणूस गायब. पाऊण तास झाला तरी परत फोन नाही. शेवटी मोबाइल वाजला, नाव त्याचंच दिसलं, म्हणून उचलल्या उचलल्या म्हटलं, "मेल्या, होतास कुठे?" तिकडून अनोळखी आवाज आला. एसटीचा ड्रायव्हर होता. म्हणाला, "इथं रस्त्याच्या कडेला गाडी उभी हाय, साहेब. डावा इंडिकेटर चालू हाय. आतला माणूस काय बोलत नाय. शेवटचा नंबर तुमचा दिसला म्हणून लावला." दत्ताने फोनला कधी लॉक लावलं नाही. "माझ्या फोनात लपवण्यासारखं आहे काय?" म्हणायचा. संगमेश्वरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आज त्याला सात आठवडे झाले. पुरवणीसाठी लिहून द्या म्हणून आग्रह झाला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. मी तिरसट माणूस, मला गोड गोड लिहिता येत नाही. पण एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही... आणि ती सांगायची तर आधी दत्ता सांगायला हवा.

मोबाइल रत्नागिरीत नवा नवा आला तेव्हा आम्ही दोघे एकाच कंपनीत लागलो. मी स्विच रूममध्ये, म्हणजे जिथून सगळे कॉल जोडले जातात त्या थंडगार खोलीत. बारा महिने अंगात स्वेटर. दत्ता जीपमध्ये. संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, काळा, सडसडीत, आणि एका जागी दहा मिनिटं बसला तर आजारी पडेल असा. त्याचं काम म्हणजे चालू कॉल कानाला लावून रस्त्याने फिरायचं आणि तो कुठे तुटतो ते शोधायचं. एका टॉवरची पोच ठरलेली असते. माणूस बोलत बोलत पुढे गेला की पहिल्या टॉवरने हात सोडायच्या आधी दुसऱ्याने धरायला हवा. आमच्या कोकणात मधे डोंगर येतो, खिंड येते, आणि तेवढ्यात हात सुटतो. बोलणारा बिचारा "हॅलो, हॅलो" करत बसतो. ती जागा सापडली की टॉवरची तोंडं फिरवायची, नाहीतर मधे नवा टॉवर मागायचा.

कंपनीने त्याला लॅपटॉप दिला होता, त्यावर रेघा उमटायच्या. पण दत्ताचा रेघांवर विश्वास नव्हता. "माणसं कानाने ऐकतात," म्हणायचा. मग आमची पद्धत पडली. मी खोलीत बसून फोनवर एक, दोन, तीन मोठ्याने मोजत राहायचं आणि त्याने जीपमधून ऐकायचं. एक्केचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस आला की त्या जागी तीन आकडे गेले. लगेच जीप थांबवून वहीत टिपायचा. मी दिवसाला हजारो आकडे मोजले असतील. घरी जेवताना बायको म्हणायची, "भाकऱ्या मोजू नका हो, आहेत अजून."

पहिल्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. कॉल तुटला की मी त्याला लावायचो आणि तोही मला लावायचा. दोघांना एंगेज. पंधरा पंधरा मिनिटं असा तमाशा चालायचा. शेवटी त्याने कायदा केला. आवाज गेला की बसलेल्याने दहा आकडे मोजायचे, फोन ठेवायचा आणि गप बसायचं. फिरत्याने लावायचा, बसलेल्याने थांबायचं. "तू जागेवर आहेस, तुझं काय जातंय? माझा मी कुठं पोचलो ते मलाच ठाऊक," असं म्हणाला. बरोबर होतं ते. आम्ही तो कायदा निवृत्तीनंतरही पाळला, इतका की दत्ताला मी आपणहून फोन लावल्याचं मला आठवतच नाही.

त्याची आई एकदा रत्नागिरीला आली होती. तिने विचारलं, "दत्ता, माणूस तर आज हितं, उद्या मुंबैला. मंग त्याचा फोन त्याला गावतो कसा?" आम्ही जे वर्गात तीन दिवस शिकलो ते त्याने आईला चहा संपेपर्यंत सांगितलं. "आये, बाळूदादा मुंबैला गेला, तर गावच्या खोलीवर उतरतो ना? खोलीवाला वहीत नाव लिवतो आणि तुला निरोप धाडतो, आलाय म्हणून. मंग कोणी बाळूची चौकशी करायला आला तर येतो कुणाकडे? तुझ्याकडे. तू सांगतेस, अमक्या खोलीवर जा. तसंच. एक घरची वही, एक पाहुण्यांची. फोन जाईल तिथं हळूच सांगतो, मी आलो रे." आईने विचारलं, "आणि न्हाय सांगितलंन तर?" तो म्हणाला, "मंग थोडी वाट बघतात नि पाहुण्यांच्या वहीतनं नाव खोडतात." आई म्हणाली, "घरच्या वहीतलं?" दत्ता म्हणाला, "ते इतक्यात खोडत नायत." म्हातारीचं समाधान झालं.

नाटे गावच्या मच्छीमारांची तक्रार होती, होडी किनाऱ्यापासून जरा लांब गेली की कॉल तुटतो. दुसरा कोणी असता तर कागदावर शेरा मारून मोकळा झाला असता. हा गेला होडीतून. मी इकडे मोजतोय आणि तिकडून पोटातलं सगळं बाहेर काढल्याचे आवाज. "अनंता, मोजू नको रे बाबा... आकडे ऐकून अजून मळमळतंय!" तरी शेवटपर्यंत फोन सोडला नाही पठ्ठ्याने. पुढे टॉवरची दिशा बदलली, आणि त्या लोकांनी टोपलीभर बांगडे आणून दिले. निम्मे माझ्या घरी आले. माझा वाटा मोजणीचा, असं त्याचं म्हणणं.

निवृत्त झाला तरी याची वही काही सुटली नाही. दर रविवारी सकाळी स्वतःची गाडी काढून गावाला जायचा, भाताचं, काजूचं बघायचा आणि परतताना मला फोन. स्पीकर लावून फोन पुढ्यात ठेवायचा आणि गप्पा मारत यायचा. वाटेत फणसाचं वळण लागतं. फणस कधीच तोडला, नाव राहिलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि तिथे कॉल तुटायचाच. पंचवीस वर्षांत ती एक जागा दत्ताला हरवून राहिली होती. वळण आलं की तो सांगायचा, "आलं रे!" आणि आवाज गुडुप. मी दहा मोजून फोन ठेवायचो, चार-पाच मिनिटांनी तो पुन्हा लावायचा.

त्या रविवारीही तसंच झालं. पावट्याच्या शेंगा आणतोय म्हणाला. यंदा दाणा चांगला भरलाय म्हणाला. मग म्हणाला, "आलं बघ फणसाचं वळण. आता गंमत ऐक हां..." आणि आवाज गेला. मी दहा मोजले, ठेवला आणि थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. मनात आलं होतं लावावा म्हणून, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, हा लावत असेल तर एंगेज लागेल आणि पुन्हा माझ्यावरच डाफरेल. कायदा म्हणजे कायदा.

डॉक्टरांना मी विचारलं, कोणी अर्धा तास आधी पोचलं असतं तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." तेराव्याला जो भेटेल त्याला मी एकच सांगत होतो, नेमका त्या वळणावर कॉल तुटला हो, तिथे रेंजच नाही. दत्ताच्या बायकोला, सुमनवहिनींनाही तेच सांगितलं. त्या नुसती मान हलवत होत्या. आणि मला ते खरंच वाटत होतं.

महिन्याभराने वहिनींनी बोलावून दत्ताची वही माझ्या हातात दिली. "तुमच्याच कामाची आहे, भावोजी," म्हणाल्या. तपकिरी पुठ्ठ्याची लांब वही, पावसात भिजून फुगलेली. घरी आणून पहिल्यापासून वाचली. प्रत्येक चढण, प्रत्येक पूल, कुठे किती आकडे गेले ते. शेवटच्या पानावर, तो गेला त्याच आठवड्यातलं, त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "फणसाचं वळण. बुधवारी भावाशी बोलत आलो. तुटला नाही! डोंगरावरच्या सड्यावर नवा टॉवर लागलाय. रविवारी अनंताला ऐकवायचं. आधी सांगायचं नाही."

गंमत ती होती. आवाज जाणार नव्हता, हीच गंमत. म्हणजे गेला तो आवाज कॉलचा गेला नव्हता. फोन चालू होता, आणि मी पडवीत बसून दहापर्यंत मोजून तो ठेवून दिला. तुटलेल्या लाइनीत काहीच नसतं, चालू लाइनीत काही ना काही असतं, हे मला कळत नाही असं नाही. तेवढ्यावर पंचवीस वर्षं पगार खाल्ला. पण त्या दिवशी मी ऐकत नव्हतो, मोजत होतो.

आठ दिवस वही कपाटात ठेवली, बायकोलाही बोललो नाही. वहिनींच्या घरावरून जायचं टाळायला बाजाराला लांबच्या रस्त्याने जायला लागलो. नवव्या दिवशी राहवेना, म्हणून गेलो. वही काढून शेवटचं पान उघडलं, तर त्या म्हणाल्या, "वाचलंय मी. देण्याआधीच वाचलंय. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

मला तोंड वर करता येईना. दत्ताचा फोन त्यांच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. तो त्या एक दिवसही बंद पडू देत नाहीत. फोन गप्प झाला की वहीतलं नाव खोडतात, ही दत्ताने सासूबाईंना सांगितलेली गोष्ट त्यांना माहीत होती. मग त्याच म्हणाल्या, "हे एकदाच बघून आले होते. एकदा बघून काय कळतं? यांचंही चुकत असेल की हो. तुम्ही जाऊन बघा. मी इकडून मोजते." त्यांना दत्ता चुकलेला हवा होता. माझ्यासाठी.

गेल्या रविवारी गेलो. दत्ताच्या गावच्या फाट्यावर गाडी वळवली आणि त्याच्यासारखाच फोन पुढ्यात ठेवून स्पीकर लावला. आता फिरता मी होतो, फोन मी लावायचा होता. "दत्ता" या नावावर बोट ठेवलं आणि दोन रिंगांत उचलला गेला. "हं, भावोजी," म्हणाल्या आणि मोजायला लागल्या. सावकाश, स्पष्ट, शाळेतल्या बाईंसारख्या. एक, दोन, तीन. उतार संपला, नदी दिसायला लागली. आयुष्यभर मी कॉल तुटू नये म्हणून राबलो. त्या दोन किलोमीटरांत मी देवाला हात जोडून म्हणत होतो, तूट... एवढा एक तूट रे बाबा. एकच आकडा खा, दोन खा. एकशे बारा, एकशे तेरा. डोंगर आडवा आला. एकशे चौदा. वळण लागलं. एकशे पंधरा, एकशे सोळा, एकशे सतरा. समोर बसून बोलल्यासारखा आवाज. वळण संपलं. एकशे एकवीस.

मी डावा इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली. तीच जागा असावी बहुतेक, दुसरीकडे गाडी उभी करायला जागाच नाही. वहिनी मोजायच्या थांबल्या. "तुटला होता का हो?" त्यांनी विचारलं. "भावोजी?" पुन्हा विचारलं. मी गप्प. माझ्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले. सात, आठ, नऊ, दहा. कायद्याने त्यांनी आता ठेवायला हवा होता. मी अकरा म्हटलं, बारा म्हटलं. त्यांनी ठेवला नाही.

तेराव्या आकड्याला त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "भावोजी, टिकटिक कसली येतेय?"

"इंडिकेटर आहे, वहिनी," मी म्हटलं.

बराच वेळ आम्ही दोघं ती टिकटिक ऐकत राहिलो.