पालथं झोपायचं की बसायचं

‘टीमवर्क’ हा शब्द ऐकला की तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जायची. करोनाची दुसरी लाट होती आणि मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. राहुरीजवळच्या एका वसतिगृहात कोविड सेंटर उघडलं होतं. तिथे आम्हा चौघांची एक टीम करून टाकली: एमबीबीएसचा मुलगा, फिजिओथेरपीची मुलगी, फार्मसीचा मुलगा आणि मी. एकमेकांकडून शिका, असा आदेश. शिकायला सवड कुणाला होती! पीपीई किट घालून जो तो आपापल्या वेळेला वॉर्डात जायचा, काम उरकायचा आणि घामाने निथळत बाहेर यायचा.

आमच्या टीमवर देखरेख करणाऱ्या मॅडमनी एक नियम घातला होता. संध्याकाळी अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून बसायचं आणि एका पेशंटबद्दल बोलायचं, पण स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्याने त्या पेशंटला काय सांगितलंय, ते आपण सांगायचं. मला हा पोरखेळ वाटायचा आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही.

त्या संध्याकाळी दुधाच्या मावशींबद्दल बोलायचं होतं. जवळच्याच गावातल्या, डेअरीला दूध घालणाऱ्या. ऑक्सिजन लावूनही त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा रोज थोडाथोडा घसरत होता. सकाळी असाच राहिला तर नगरला हलवायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अँब्युलन्सही ठरली होती. नगरला तेव्हा खाट मिळत नव्हती. माणसं दवाखान्याच्या दारात, अँब्युलन्समध्येच जायची. मावशींच्या कानावरही ते आलं होतं. “मला नगरला नका धाडू,” एवढंच त्या येईल त्याला म्हणायच्या.

मॅडमनी मला विचारलं, “डॉक्टरने त्यांना काय सांगितलंय?”

मला ठाऊक नव्हतं. एमबीबीएसवाला वैतागला. “अगं, पालथं झोपायला सांगितलंय! होईल तेवढा वेळ, त्याने ऑक्सिजन वाढतो. आणि मी जातो तेव्हा पालथ्याच असतात त्या.”

“काहीतरीच!” मी म्हटलं. “मी जाते तेव्हा तर बसलेल्या असतात. खाल्ल्यावर लगेच पालथं झोपायचं नाही, असं मीच सांगितलंय.”

फिजिओवालीने ताठ बसून श्वासाचे व्यायाम करायला सांगितले होते. फार्मसीवाल्याने बजावलं होतं की रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. म्हणजे मावशी दर गोळीला बिस्किटं खात होत्या, खाल्लं म्हणून एमबीबीएसवाला येईल तेवढ्यापुरत्याच पालथ्या होत होत्या आणि बाकीचा वेळ ताठ बसून काढत होत्या.

किट चढवून आम्ही चौघंही एकदमच आत गेलो. “मावशी, आम्ही चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, मग बोलला का नाहीत?” मी जरा खेकसलेच.

“कसं बोलू बाई? याचं त्याला सांगितलं की भांडनं लागत्यात. जो यील त्याच्यासारखं करायचं. दोन सुना हायेत घरात माझ्या.”

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. आमच्यात भांडण नको म्हणून ही बाई जिवाशी खेळत होती. मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

तिथेच, त्यांच्या खाटेपाशी ठरवलं. गोळ्या जेवणाबरोबरच, मधली बिस्किटं बंद. जेवण जिरलं की छातीखाली उशी घेऊन पालथं. व्यायाम त्याआधी. एमबीबीएसवाल्याने वर आणखी बजावलं, “मावशी, आता एकट्यादुकट्याचं ऐकायचं नाही. चौघं मिळून सांगू तेच करायचं.”

सकाळी मी एकटीच आत गेले. मावशी पालथ्या होत्या. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघून माझा विश्वास बसेना. यंत्र काढून दुसऱ्या बोटाला लावलं, तरी तेच. चांगला चढला होता. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आणि अँब्युलन्सला फोन करून नको म्हणून सांगितलं.

“मावशी, नगर रद्द!” मी ओरडलेच. “उठा आता, चहा घ्या.”

उशीतून आवाज आला, “बाकीची तिघं कुठं हायेत?”

“अहो, मी सांगतेय ना!”

“न्हाई बाई. चौघं आल्याबिगर मी हलायची न्हाई.”

त्या तिघांना बोलवायला मी दाराकडे पळाले, पण दारच धूसर दिसत होतं. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.