काकाचा खांदा आणि माझं भाषांतर

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर काकाच्या खांद्याचा विषय निघाला आणि तुम्ही दोघं त्याला ‘उतावळा काका’ म्हणून हसलात. तोही हसला. मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आठवडाभर बोचतंय, म्हणून हे लिहिते. काका उतावळा नव्हता. चूक माझी होती.

काका इथे रत्नागिरीत माझ्याजवळ, आपल्या आईजवळ राहतो आणि आपली आंब्याची कलमं तोच बघतो. एका श्रावणात घरामागच्या पाखाडीवरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून, तो घसरला. पडता पडता त्याने उजव्या हाताने कठडा धरला. कठडा सुटला नाही, खांदा सुटला. दवाखान्यात तो बसवला, पण त्यानंतर कशानेही निखळू लागला. दोरीवरचा टॉवेल ओढताना निखळला, एकदा झोपेत कूस बदलताना निखळला. आंबे काढायचा झेला, ती जाळी लावलेली लांब काठी, डोक्यावर धरली की काकाचा चेहरा पांढरा पडायचा. आंबा न आपटता उतरवणं ही त्याची ऐट होती. तो हात पुन्हा वर जाणार की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता.

डॉक्टर म्हणाले, खोबणीच्या कडेचं लिगामेंट फाटलंय, दुर्बिणीतून शिवावं लागेल. पुढच्या माघात तीन भोकं पाडून ते झालं. नंतर त्यांनी आम्हाला चित्रण दाखवलं. पाण्याखाली शेवाळ हलावं तसं काहीतरी पांढरं आत हलत होतं आणि एक बारीक दोरा त्याला ओढून हाडाशी बांधत होता.

घरी येताना सूचनांचा इंग्रजी कागद मिळाला. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. त्याच दिवशी तो मराठीत उतरवून काढला, समास सोडून, क्रमांक घालून, आणि फ्रिजवर लावला. मूळ कागदात होतं, ‘पॅसिव्ह’ हालचाली, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. मी लिहिलं, ‘सौम्य हालचाली’.

मग रोज काका गळ्यातली झोळी काढून हात स्वतः उचलायचा आणि मी समोर बसून मोजायचे. सहाव्या-सातव्याला तो थांबायचा. दहा झाले नाहीत, असं मी वर्गातल्या आवाजात म्हणायचे. तो दहा पुरे करायचा.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो. फिजिओथेरपीच्या मुलीने त्याला व्यायाम करून दाखवायला सांगितला. त्याने हात उचलला मात्र, तिने झटकन तो खालून धरला. पॅसिव्ह म्हणजे हात तुम्ही हलवायचा नाही, दुसऱ्याने हलवायचा, ती म्हणाली. आतले टाके ओढले गेले असतील तर? असं करायला कोणी सांगितलं?

“कोणी नाही. हंगाम जवळ आला, मला घाई झाली,” काका म्हणाला.

तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. चाळिशीचा माणूस मान खाली घालून ऐकत होता. आणि जिने इतकी वर्षं फळ्यावर पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे कर्मणी प्रयोग समजावला, ती मी पर्स घट्ट धरून बसले होते.

लगेच खांद्याचा एमआरआय काढला. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला आम्ही दोघं गेलो. टाके जागेवर होते, सूज होती. झोळी आणखी तीन आठवडे वाढली आणि त्या वर्षीचा हंगाम गेला. परतताना रिक्षात मी म्हटलं, कागद माझा चुकला, तू तिथे बोलला का नाहीस?

“अगो आई, मूळ कागद माझ्याजवळही होता की. तुझं एवढं देखणं अक्षर समोर असताना तो कोण उघडतो? आणि पॅसिव्ह मला दहावीत तरी कुठे आलं होतं? विचार माझ्या बाईंना.”

त्याच्या बाई म्हणजे मीच.

त्यानंतर हात मी हलवू लागले. माझा एक हात त्याच्या कोपराखाली, एक मनगटाशी. त्याने हात अगदी सैल सोडायचा होता आणि तेच त्याला जमेना. आई थकेल म्हणून तो आपलं वजन आपणच पेलून धरायचा. मग एका सकाळी कलमांवरच्या तुडतुड्यांबद्दल बोलता बोलता तो विसरला आणि हाताचं सगळं ओझं माझ्या हातांत आलं. तान्हा असताना झोप लागली की तो असाच जड व्हायचा. मी मोजायची थांबले. तो बोलत राहिला, मी हात तसाच धरून राहिले.

हात वर जायला पुढे सहा-सात महिने गेले. आता खांद्यावर तांदळाएवढे तीन वण आहेत. हात पाठीमागे पूर्ण वळत नाही, शर्ट घालताना अजून आधी उजवी बाही घालावी लागते. पण खांदा त्यानंतर एकदाही निखळलेला नाही. हात डोक्याच्या वर जातो आणि तिथे टिकतो.