वर्षाराणीचा शब्द

कळंब्याच्या आमच्या गल्लीत कुणाचा दात दुखला की डॉक्टरच्या आधी वर्षाराणीचं दार वाजतं. अकरा वर्षं ती शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नंबर लावते, फोन घेते, विम्याचे कागद करते. एवढ्यावर गल्लीने तिला अर्धी डॉक्टर करून टाकलं.

गेल्या वर्षी शेजारच्या हिरामावशींची डावी दाढ किडली. तेव्हा नुसती भरून भागलं असतं. पण दातांचा विमा नवा निघाला होता आणि वर्षाराणीचा दवाखाना त्या कंपनीच्या यादीत होता. तिने चांगल्या मनानेच सांगितलं, की विमा काढा, पहिलं वर्ष काही मिळत नाही, तेवढा दम धरा. मावशींनी कागद वाचला नाही. आम्हाला कंपनीपेक्षा शेजारीण खरी.

मावशींनी वर्षभर उजव्या बाजूनं खाल्लं. भाकरी दुधात कुस्करली, शेंगदाणे कुटून घेतले, दाढेत लवंग धरली. इकडे कंपनीने दवाखान्याला द्यायचे दर पाडले, पैसे सहा-सहा महिने अडकवले, एकाच दाढेचा एक्स-रे तीनदा मागितला. वर्षाराणी मेल पाठवून पाठवून पिचली. शेवटी डॉक्टरांनी कंपनीच्या यादीतून दवाखान्याचं नाव काढून घेतलं. तेव्हापासून ती दिवसभर एकच वाक्य बोलते, की तो विमा आता इथं चालत नाही. लोक तिच्यावरच ओरडतात. घरी आल्यावर तिला पोरांशीही बोलवत नाही.

मावशींना मात्र महिनाभर तिने सांगितलं नाही. रोज त्यांच्या दारावरून जायची आणि उद्या सांगू म्हणायची.

वर्ष भरलं त्या सोमवारी मावशी इरकल नेसून, विम्याचं कार्ड रुमालात बांधून दवाखान्यात हजर. वर्षाराणीने ते वाक्य कसंबसं सांगितलं. दाढ भरण्यापलीकडे गेली होती. पदरच्या पैशाने काढावी लागली.

आता शिव्या येणार, हे वर्षाराणीने धरूनच ठेवलं होतं. मावशी काही तोंड आवरणारी बाई नव्हे. पण गालात बोळा धरून त्या काउंटरला टेकल्या.

"वर्षा, एकाच अंगानं खाऊन उजवीबी ठणकाय लागलीया. इम्याचा हप्ता आलाय. भरू का गं? तू म्हणशील तसं."

शिव्या तिने सोसल्या असत्या. हा विश्वास तिला सोसवेना.

"भरू नका, मावशी. त्याच पैशात उद्या उजवी दाढ भरून घ्या. आणि इथनं पुढं असलं काय मला इचारू नका."

मावशींनी कार्ड पुन्हा रुमालात बांधलं.

"मग कुणाला इचारू?"