किला गेटमार्गे दाल बाजार

आमच्या तपासणी केंद्रात टोकनचं यंत्र आलं, रिपोर्ट आपोआप लोकांच्या मोबाइलवर जाऊ लागले, आणि रिसेप्शनवर बसणारी मी कुंडीतल्या झाडासारखी शोभेला उरले. "आता मला दोन वेळा पाणी घातलंत तरी पुरे," असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

तरी त्या यंत्राचे मी मनापासून आभार मानते. त्याच्यामुळेच त्या दुपारी मला खुर्ची सोडून आत पळता आलं.

आत एक काका एमआरआयच्या बोगद्यात टिकत नव्हते. घराणं मराठी फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेलं, स्वतःचं आयुष्य मात्र दाल बाजारात डाळी विकण्यात गेलेलं. आत सरकवलं की घंटी दाबायचे आणि एक शब्द न बोलता उठून बसायचे. ही तपासणी झाल्याशिवाय मानेचं ऑपरेशन ठरणार नव्हतं, आणि हृदय नाजूक, म्हणून गुंगीचं इंजेक्शन देता येत नव्हतं. बाहेर काकू पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

"मॅडम, आप मराठी में बात करो ना इनसे," टेक्निशियन म्हणाला. "बस गर्दन नहीं हिलनी चाहिए. हिली तो फिर शुरू से."

मी माइक ओढला. गणपतीतल्या नाटकांत जन्मभर दोन वाक्यांच्या भूमिका केलेली बाई मी. आज प्रेक्षक मिळाला तोही हलायची बंदी असलेला! यंत्राची खडखड थांबली की मी सुरू.

"काका, डोळे मिटा. माधवगंजातून निघालो. किला गेटवरून डावीकडे वळलो, की आलाच दाल बाजार!"

आता किला गेट शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा असा रस्ता सांगणार नाही. काचेपलीकडे काकांच्या पायाचा अंगठा ताठ झाला. मान जागेवर!

मी माइक बंद केला. टेक्निशियन कळवळून म्हणाला, "मॅडम, रास्ता गलत है!"

"असू दे रे. चिडलेला माणूस घाबरत नाही."

पुढच्या खेपेला मी दुकानात शिरले. "तूरडाळ घेऊ या, काका. सणाच्या पुरणपोळीला." अंगठा थरथरला. घंटी हातातच होती, पण दाबली नाही. दाबली असती तर माझी बडबड पहिल्यापासून ऐकावी लागली असती.

"हो गया!" टेक्निशियन ओरडला.

काका बाहेर आले ते कडाडतच. "किला गेट? अहो बाई, किला गेट? कधी घराबाहेर पडला होतात का?"

दारात काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. "आजारी पडल्यापासून तोंड उघडलं नव्हतं हो यांनी. ओरडू दे त्यांना!"

"आणि पुरण तूरडाळीचं? सासूबाईंनी घरात ठेवलं कसं तुम्हाला?"

मी मान खाली घालून उभी राहिले. इतक्या आनंदाने बोलणी मी आजवर कधी खाल्ली नव्हती.