तिसरं बोलावणं

अरुणा सबनीस यांना कुठलीही गोष्ट नुसती बघून सोडून देता येत नसे. पुण्यात नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्या वॉशर कुठे बनतात इथपासून विचारायला लागत, आणि तो बिचारा निम्मी उत्तरं जिन्यात देत पळ काढी. जित्याची खोड. ती त्यांच्याबरोबर जपानलाही आली.

२०११चा शरद ऋतू होता. मार्चमधल्या भूकंपानंतर परदेशी माणसं जपान सोडून चालली होती, आणि नवरा राजीव याला मात्र तेव्हाच क्योतोतल्या एका संशोधन संस्थेत बोलावणं आलं. नातेवाइकांनी तिघांनाही वेड्यात काढलं, बारा वर्षांच्या लेकीला, मैत्रेयीलासुद्धा. विमान अर्धं रिकामं होतं. रिकाम्या सीटांच्या जेवणाचं पुढे काय होतं, हे अरुणाबाईंनी उतरण्यापूर्वी विचारून घेतलं.

घर मिळालं यामाशिनाला, क्योतोच्या पूर्वेकडच्या टेकड्यांपलीकडे. घरामागचा चढ चढला की कालवा. सव्वाशे वर्षांपूर्वी डोंगर पोखरून बिवा सरोवराचं पाणी शहरात आणलं, तो हा. दोन्ही काठांना चेरीची झाडं, मधे हिरवट, आवाज न करता वाहणारं पाणी, आणि एका टोकाला डोंगराच्या पोटात शिरणारं विटांचं काळं तोंड. शहर अजून हेच पाणी पितं. अरुणाबाई रोज तिथे फिरायला जात आणि घरी येऊन राजीवला प्रश्न विचारत. राजीव जीवशास्त्रज्ञ होता. कालव्यातलं त्याला काही कळत नव्हतं आणि तसं तो सांगेही, पण त्यानं प्रश्न थांबत नसत.

उत्तरं मिळाली शेजारच्या निशिवाकी-सान, म्हणजे निशिवाकीबाई, यांच्याकडून. या बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, पाठीनं ताठ. तरुणपणी किमोनोचं कापड रंगवायच्या कारखान्यात काम केलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर कावासाकी शहरात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे त्यांनी अरुणाबाईंना पहिल्याच आठवड्यात शिकवलं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चुकून गेलेलं झाकण स्वतः काढून, हसून, परत आणून दिलं. मैत्री तिथून सुरू झाली.

निशिवाकी-सान यांचे वडील याच कालव्यावर नावाडी होते. हे कळल्यावर अरुणाबाईंना घबाड सापडल्यासारखं झालं. सरोवराकडून येताना नाव पाण्याबरोबर आपोआप येई, पण परत उलटं जाताना? तर बोगद्याच्या भिंतीला जाड दोर लावलेला असे. नावाडी नावेत उभा राहून तो दोर धरी आणि एकेक हात पुढे टाकत नाव ओढी, डोंगराच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. दिवा असायचा का? एक छोटा. समोरून दुसरी नाव आली तर? एकमेकांना हाळी द्यायचे. दमले तर? निशिवाकी-सान म्हणाल्या, दमून चालत नसे. अरुणाबाईंनी सगळं विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. फक्त एकदा, “तुम्ही गेला होतात का आत?” असं विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या आणि हवा आता गार होईल म्हणाल्या.

आता आग्रहाचं प्रकरण सांगायला हवं. पहिल्याच दिवाळीत राजीवनं आपल्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याला जेवायला बोलावलं. तो मनुष्य दुसऱ्या पुरणपोळीला नको म्हणाला. अरुणाबाईंनी वाढली. तिसरीला दोन्ही हातांनी नको म्हणाला. आपल्याकडे याचा अर्थ काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी वाढली, वर तूप. त्यानं खाल्ली, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

“अगं, इथे नो म्हणजे नो असतं,” राजीव म्हणाला. “एकदा विचार, फार तर दोनदा. प्लीज, आग्रह करू नकोस कुणाला.”

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. पुण्यात नात्यातल्या जावयांना हात जोडायला लावणाऱ्या अरुणाबाई इथे एकदा विचारून गप्प बसायला शिकल्या. जड गेलं, पण शिकल्या आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटू लागला.

मग २०१८ उजाडलं आणि कालव्यावर पुन्हा बोटी सुरू झाल्या, आता प्रवाशांसाठी. अरुंद, लांबट बोट, वर छप्पर, माहिती सांगायला एक गाइड. निशिवाकी-सान, आता ऐंशीच्या, रोज पुलावर जाऊन उभ्या राहत आणि प्रत्येक बोटीला हात करत. हात तर येणारेजाणारे सगळेच करत, पण त्या बोट बोगद्यात शिरेपर्यंत आणि शिरल्यावरही बघत राहत. अरुणाबाईंना हे बघवेना. माणूस रोज हात करतो आणि बसत नाही, म्हणजे काय?

वसंतात त्यांनी विचारलं, चला ना आपण जाऊ. निशिवाकी-सान हसल्या. नको, मी म्हातारी कशाला. उन्हाळ्यात बोटी बंद होत्या, शरदात पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अरुणाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तुम्हाला माझा उगाच त्रास, असं उत्तर आलं. अरुणाबाईंच्या जिभेवर “त्रास कसला, मुकाट्यानं चला” आलं होतं. त्यांनी ते गिळलं. शहाण्यासारखं मान लववून घरी आल्या आणि स्वतःसाठी व राजीवसाठी दोन तिकिटं काढली, नोव्हेंबरअखेरची, उलट्या दिशेची, क्योतोकडून सरोवराकडे.

त्या आठवड्यात निशिवाकी-सान यांनी सांगितलं की मुलगा न्यायला येतोय. डिसेंबरपासून त्या कावासाकीला राहणार. घर विकायचं ठरलंय. हे त्यांनी पाऊस पडेल असं वाटतंय इतक्या साध्या आवाजात सांगितलं, आणि अरुणाबाईंना घरी येऊन स्वयंपाक सुचेना.

मैत्रेयी तेव्हा कॉलेजात होती आणि एका जुन्या मिठाईच्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी, करत होती. रात्री जेवताना ती निम्म्या जपानीत मालकिणीच्या नकला करत होती. म्हणे, जुन्या क्योतोच्या घरात कुणी आत या म्हटलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर खरं समजायचं, आणि मगच हो म्हणायचं. आधी हो म्हणणारा गावंढळ.

अरुणाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

“आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?”

“मग काय, नाहीच जायचं,” मैत्रेयी म्हणाली. “आई, आमटी वाढतेस का?”

राजीवनं बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं आपलं तिकीट देऊन टाकलं. नियम त्यानंच घालून दिला होता, तेव्हा बोलायला जागा नव्हती.

सकाळी अरुणाबाई शेजारी गेल्या. दारात खोकी रचलेली होती. सात वर्षं दाबून ठेवलेला आग्रह त्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत बाहेर काढला. तिकीट तुमच्या नावाचं आहे, जागा तुमच्यासाठी रिकामी राहील, तुम्ही आला नाहीत तर मीही जाणार नाही. निशिवाकी-सान यांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग लवून म्हणाल्या, “इतकं म्हणता आहात, तर येते.” आणि आतून त्या टोपी घालून आल्या. बोटीला अजून दोन दिवस होते, हे त्यांना सांगावं लागलं.

ठरल्या दिवशी बोट निघाली तेव्हा काठचे मेपल लाल झाले होते. यामाशिनाच्या पुलांवरून लोक हात करत होते. अरुणाबाई गाइडला वीट कुठल्या भट्टीची, पाणी किती खोल, असं एकामागून एक विचारत होत्या, आणि तो पोरगा न वैतागता सांगत होता. मग बोट लांब बोगद्यात शिरली. गारवा अंगावर आला, छपरावर डोंगरातलं पाणी टपटपलं, आणि मागचा उजेड लहान होत गेला. निशिवाकी-सान भिंतीकडे बघत होत्या, जिथे पूर्वी दोर होता तिकडे. मग इंजिनाच्या आवाजात, फक्त अरुणाबाईंना ऐकू जाईल असं, बोलू लागल्या.

त्यांची आई क्योतो शहरातली, चांगल्या घरातली. तिनं मुलीला वळण लावलं होतं, लगेच हो म्हणायचं नाही. वडील सरोवरापलीकडच्या खेड्यातले, सरळ माणूस. मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना एका सकाळी नाव सोडताना त्यांनी विचारलं, “येतेस का आत?” ती कित्येक महिने याचीच वाट बघत होती. ती पायाकडे बघत नको म्हणाली. ते बरं म्हणाले आणि दोर धरून निघून गेले.

“त्यांना वाटलं, मला अंधाराची भीती वाटते,” निशिवाकी-सान म्हणाल्या. “पुन्हा विचारतील म्हणून मी रोज काठावर उभी राहायची. मग कालव्यावरच्या नावाच बंद झाल्या. तुम्हीही दोनदा विचारून थांबलात, तेव्हा वाटलं, झालं.”

अरुणाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांनी त्या सुरकुतलेल्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, हे तुम्ही वडिलांना कधी सांगितलंत की नाही?

“नाही,” निशिवाकी-सान म्हणाल्या. “त्यांनी विचारलं नाही.”