तोंडचा गुण

एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो म्हणतात. सातिनेमचा गुण तोंडात होता. लावू डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गावात लोक पंचेचाळीस वर्षं हेच सांगत आले आणि तीही कधी नाही म्हणाली नाही. सगळे तिला म्बाह म्हणत, म्हणजे आजी. पन्नाशीतल्या बायकाही म्हणत, कारण त्यांची बाळंतपणं तिनंच केली होती.

सुईणपण तिला सासूकडून आलं. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, तेव्हा दुसऱ्यांची मुलं जगात आणणं हाच तिचा संसार झाला. मग सरकारी दवाखाना आला, एन्दांग नावाची नर्सबाई आली आणि बाळंतपणं सुईणीकडे करायची नाहीत असा हुकूम निघाला. सातिनेमकडे उरलं ते बाळांचं मालिश आणि त्यांच्या अंगावरचा इसब. इथे मात्र तिनं नर्सबाईपुढे हार मानली नाही. "त्यांच्या मलमानं जातं आणि मलम संपलं की येतं," ती म्हणायची. "माझ्याकडे वेळ लागतो, पण मी पोराची कातडी ओळखते."

खोटं कशाला बोला, बरंचसं ती बरोबरच करायची. नारळाचं दूध आटवून घरी काढलेलं तेल, तेही आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. पाणी कोमट, कढत नाही. नखं कापलेली, कपडा सुती. तीन-चार वर्षांची झाली की बऱ्याच मुलांची खाज आपोआप कमी होते, त्याचंही श्रेय तिच्याच पदरात पडायचं. तिनं ते परत केलं नाही, कोण करतं? पण आया यायच्या त्या तिच्या शेवटच्या उपायासाठी. विड्याचं पान, हळकुंडाचा तुकडा आणि चिमूटभर कच्चे तांदूळ ती दाढेखाली चावायची, मंत्र पुटपुटायची आणि तो रस बाळाच्या लाल झालेल्या कातडीवर तोंडानं फवारायची. तेल काय, कुणीही लावेल.

पुरवंती अशीच आली. पुरवंतीला सातिनेमनंच जगात आणलं होतं. आता तिची स्वतःची मुलगी, किनांती, आठ महिन्यांची होती. गाल सोललेले, कोपरांच्या घडीत ओल आलेली, पोर झोपेतसुद्धा खाजवायची. तेलानं आणि सुती झबल्यांनी महिन्याभरात गाल निवळले होते, पण कोरडे वारे सुटले तसे पुन्हा पेटले.

"म्बाह, एकदा फवारून द्या ना," पुरवंती म्हणाली. "ह्यांची आई म्हणते, तुझं दूधच वाईट असेल."

"तिला विचार, चाखून बघितलंत का म्हणावं," सातिनेम म्हणाली. "मासळी, अंडं बंद आहे ना?"

"बंद आहे."

"असू दे बंदच. आईच्या तोंडात गेलं की पोराच्या अंगावर उठतं."

त्या आठवड्यात सातिनेमला ताप येऊन गेला होता आणि ओठाच्या कोपऱ्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठला होता. वर्षातून एकदोनदा उठायचाच. अंगातली उष्णता बाहेर पडते, एवढंच तिला ठाऊक. वर चुना लावला होता. पान चावताना झोंबलं, एक फोड फुटला. मंत्र तुटू नये म्हणून ती थांबली नाही. गाल, मान, दोन्ही कोपरं, सगळीकडे तिनं नीट फवारलं. किनांती दचकली आणि मग हसली.

सहाव्या दिवशी पोरीच्या अंगभर एकसारखे फोड आले आणि फुटून त्यांचे बारीक खड्डे पडले. ताप उतरेना, डोळे सुजून मिटले. पुरवंतीनं आधी म्बाहलाच बोलावलं.

"काय खाल्लंस तू?" सातिनेमनं विचारलं.

पुरवंतीनं पोरीचं झबलं सारखं केलं. "सुक्या मासळीचा एक तुकडा. नुसता भात घशाखाली उतरत नव्हता, म्बाह."

"मग आता बघ," सातिनेम म्हणाली. एवढ्यानं निकाल लागला आणि गावानंही तोच धरून ठेवला. मात्र पोरीला ताबडतोब इस्पितळात न्यायलाही तिनंच सांगितलं. तालुक्याच्या इस्पितळात किनांती पाच दिवस होती. सहाव्या सकाळी गेली.

शेवटची आंघोळ घालायला सातिनेमलाच बोलावलं, त्या पोरीचं अंग तिच्या हाताखालचं म्हणून. पाणी तिनं कोमटच घेतलं.

दर महिन्याला नर्सबाई गावातल्या मुलांची वजनं घेत. पुढच्या वजनाच्या दिवशी गावच्या चावडीत आया मुलांना घेऊन जमल्या. सातिनेम नेहमीसारखी मागे बसून एका बाळाचे पाय चोळत होती. नर्सबाई एन्दांग बोलत होत्या. "ओठावर फोड आलेले असतील तर बाळाचा पापा घेऊ नका, उष्टं देऊ नका. त्यातून बाळाला इसब असेल तर फारच जपा. सोललेल्या कातडीतून तो रोग आत शिरतो आणि अंगभर पसरतो. मूल दगावतं. वेळेवर कळलं तर औषध आहे."

नर्सबाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. सातिनेमचा हात मात्र बाळाच्या पायावर थांबला तो थांबलाच. बाळ तिनं आईकडे दिलं आणि चपला न घालताच घरी आली.

त्यानंतर तीन आठवडे ती गप्प बसली. तिचा राग यावा तो इथे. नर्सबाई सुईणींच्या वाईटावरच आहेत, एवढ्या वर्षांत कुणाला झालं नाही, असं ती मनाशी घोळवत राहिली. दारी आलेल्या दोन आयांना तिनं तेल देऊन परत पाठवलं, फवारलं नाही. तिकडे पुरवंती भात आणि मीठ, एवढ्यावर दिवस काढत होती. येईल त्या बाईला सांगायची, "माझ्या जिभेनं पोर खाल्लं." ती वाळत चाललेली सातिनेमला रोज दिसायची.

किनांती गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळा गाव आला. पुरवंती मागच्या विहिरीपाशी तांदूळ धुवत होती. सातिनेम तिच्यापुढे उकिडवी बसली.

"पोरी, ती मासळी नव्हती."

पुरवंती धुवत राहिली.

"माझ्या ओठावर फोड होता. त्याच तोंडानं मी तुझ्या लेकीवर फवारलं. त्यानंच झालं ते. तुझं काही चुकलं नाही. तू जेवायला लाग. मी आत जाऊन सगळ्यांसमोर सांगते."

"सांगू नका, म्बाह."

"का नको? गाव मला शिव्या देईल, देऊ दे."

"इस्पितळात पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं," पुरवंती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पोरीजवळ आलेल्या कुणाच्या ओठावर फोड होता का म्हणून. दोनदा विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे तुमचा ओठ होता, चुना लावलेला."

"मग?"

"मी नाही म्हणाले. तुम्ही मला जगात आणलंत. परक्या माणसापुढे तुमचं नाव कसं घेऊ? तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून ओळखलं आणि औषध बदललं. म्हणाल्या, पहिल्या दिवशी कळायला हवं होतं."

सातिनेमचा हात ओठाच्या कोपऱ्याकडे गेला.

"तुम्ही ओठाचं सांगितलंत की ह्यांची आई विचारणार, तुला दिसलं नव्हतं का? आमचे हेही विचारणार. मासळीचं पाप मला पेलतं, म्बाह. तेवढं राहू द्या."

आतून सासूची हाक आली. पुरवंती तांदळाचं पातेलं घेऊन उठली. सातिनेम तिच्यामागून आत गेली आणि बायकांमध्ये बसली. कुणीतरी तिच्यापुढे पान मांडलं. पुरवंतीची सासू वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्बाहनी बजावलं होतं हो हिला, मासळी खाऊ नको म्हणून. पण ऐकेल तर ना."

बायका सातिनेमकडे बघू लागल्या. तिनं मान खाली घातली आणि घास गिळला.